निरसन आणि व्यावृत्ती

आमच्या कार्यालयातल्या जुन्या परिपत्रकांची छाननी करण्यासाठी तीन जणांची समिती नेमली गेली, तेव्हा माझ्या निवृत्तीला पाच वर्षे उरली होती. केंद्र सरकारने जुने कायदे रद्द करण्याची मोहीम नुकतीच हाती घेतली होती, वर्तमानपत्रांत अधूनमधून एखाद्या गमतीदार कायद्याची चौकट येत होती, आणि त्या वाऱ्याची एक झुळूक पुण्यातल्या आमच्या दगडी इमारतीपर्यंत येऊन पोहोचली होती. समितीत आमचे साहेब अध्यक्ष, विधी शाखेतल्या एक मॅडम सदस्य आणि मी सदस्य-सचिव. म्हणजे चहा सांगण्यापासून अहवालाची शुद्धप्रत काढण्यापर्यंतचे सगळे काम माझे. पहिल्या दिवशी अभिलेख कक्षाच्या दप्तरींनी, ज्यांना सगळे कार्यालय मामा म्हणत असे, कापडात बांधलेले गठ्ठे आणून टेबलावर ठेवले. जुन्या कागदांशी संबंध आलेली पुण्यातली माणसे अशा गठ्ठ्याला अजूनही रुमाल म्हणतात, कारण पेशवे दफ्तरातले कागद असेच रुमालांत बांधलेले आहेत. गाठ सोडली की आधी धूळ, मग डांबरगोळ्यांचा वास, आणि त्यानंतर कागद.

मी एक तक्ता आखून ठेवला होता. अनुक्रमांक, परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक, विषय, आणि पुढे तीन रकाने : ‘चालू ठेवावे’, ‘सुधारून ठेवावे’, ‘रद्द करावे’. पहिल्या दुपारीच आम्ही चाळीस परिपत्रके हातावेगळी केली आणि त्यांतली एकतीस तिसऱ्या रकान्यात गेली, याचा आम्हा तिघांनाही आनंद झाला. त्या एकतिसांतले एक परिपत्रक माझ्या चांगले लक्षात आहे. सूर्यास्तानंतर अभिलेख कक्षात रॉकेलचा दिवा अथवा कंदील नेऊ नये, आणि कक्ष बंद करण्यापूर्वी दप्तरीने सर्व फडताळांमधून फिरून कोठेही दिवा राहिलेला नाही याची खात्री करून नोंदवहीत सही करावी, असा त्याचा मजकूर होता. साहेबांनी तो मोठ्याने वाचला, आम्ही हसलो, आणि मी तिसऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली. या सगळ्याला अर्धा मिनिट लागला असेल. मामा तेव्हा पुढचा रुमाल घेऊन दारातच उभे होते.

जुने नियम काढून टाकण्याच्या कामात एक नशा असते, हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हते. दिवसाच्या शेवटी आकडा दिसतो, आणि सरकारी नोकरीत दिवसाच्या शेवटी काही दिसण्याचा प्रसंग विरळाच. केंद्रातही आकड्यांचेच कौतुक चालले होते. १९९८ मध्ये पी. सी. जैन यांच्या आयोगाने १,३८२ केंद्रीय कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती आणि ती बराच काळ पडून राहिली. २०१४ नंतर मात्र दीड हजारांहून अधिक कायदे पुस्तकातून गेले. यांतले साडेसातशेहून अधिक नुसते विनियोजन अधिनियम होते. अमुक वर्षासाठी तिजोरीतून अमुक रक्कम काढण्यास संमती, एवढाच त्यांचा विषय. वर्ष संपले की त्यांचे कामही संपलेले असते. उरलेल्यांतही बरेचसे दुरुस्ती अधिनियम होते, ज्यांतली दुरुस्ती मूळ कायद्यात कधीच मिसळून गेली होती. हे झाडलोटीचे काम आवश्यक होते, यात वाद नाही. घर झाडणे आणि घरातली कोणती भिंत काढायची हे ठरवणे यांत मात्र फरक आहे, आणि आम्ही तिघे चाळीस-चाळीस कागदांच्या वेगात तो फरक विसरत चाललो होतो.

गमतीदार कायद्यांच्या चौकटींचेही तसेच. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा त्यांत हटकून असे : दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. दहा रुपये या आकड्यावर वाचक हसतो, आणि हसला की कायदा टाकाऊ आहे याची त्याला खात्री पटते. पण पेठांमधल्या एखाद्या वाड्याचा पाया खणला जात असताना बघायला उभे राहणाऱ्या माणसाला हा कायदा इतका विनोदी वाटणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या जागी मजुरांना सोन्याची जुनी नाणी सापडली आणि ती पोलिसांनी ताब्यात घेतली, ही तर २०२२ ची गोष्ट आहे. कायदा नसता तर ती नाणी सराफाच्या मुशीत गेली असती आणि त्यांवर कोणाचे नाव होते हे कोणालाही कळले नसते. जुना झाला आहे तो आकडा. ज्या लोभाला आवर घालण्यासाठी कायदा झाला, तो लोभ अजून तरुण आहे. आमच्या तक्त्यात हा कायदा मधल्या रकान्यात बसला असता, आणि मधला रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणूनच बहुधा तो रिकामा राहतो.

मॅडम वयाने आमच्यापेक्षा लहान होत्या, पण वाचून बोलत. एकदा चहाच्या वेळी मी १८९७ च्या साथरोग कायद्याचा विषय काढला आणि इतका त्रोटक, चार कलमांचा कायदा अजून कशाला ठेवला आहे, असे म्हणालो. पुण्याच्या माणसाने त्या कायद्याचा राग करावा हे साहजिकच आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, पुढच्या फेब्रुवारीत हा कायदा झाला, आणि त्याच्या जोरावर रँडच्या प्लेग समितीचे गोरे सोजीर पुण्याच्या घराघरांत, स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याचे उत्तर दिले. त्या कायद्याचे दुसरे कलम सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल तो उपाय करण्याचा अधिकार देते, आणि चौथे कलम सांगते की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. दिवाणखान्यातून फरफटत बाहेर काढल्या गेलेल्या माणसाने ‘सद्भावना’ हा शब्द कसा ऐकला असेल?

मॅडमनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यात कोणता कायदा लावला होता, सर?” मला आठवले. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला होता, आणि त्यानंतर प्रशासनाने हाच कायदा हाती घेतला होता. मी गप्प बसलो. पुढे माझ्या सेवेच्या अखेरच्या दोन-तीन महिन्यांत, मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोनाबाधित रुग्ण पुण्यातच आढळले आणि काही दिवसांतच आमच्या सोसायटीच्या फाटकावर जो हुकूम चिकटवला गेला, त्याच्या पहिल्याच ओळीत १८९७ हे साल होते. मी तो हुकूम रुमाल बांधलेल्या तोंडाने दोनदा वाचला. ज्या कायद्याने माझ्या पेठेतल्या माणसांच्या चुली बाटवल्या, तोच एकशे तेवीस वर्षांनी माझ्या फाटकावर होता, आणि तो नसता तर त्या आठवड्यात सरकारच्या हाती दुसरे फारसे काही नव्हते, हेही तितकेच खरे होते. (निवृत्तीचा समारंभ अर्थातच झाला नाही, शाल आणि श्रीफळ पुढे कधीतरी घरी आले.) त्याच वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा ठरवणारी दुरुस्ती त्यात झाली. विलगीकरणातल्या माणसाला किती दिवस ठेवायचे, त्याला कोणाकडे दाद मागता येईल, यांबद्दल मात्र तो १८९७ इतकाच मुका राहिला. जुना कायदा ठेवण्याचा धोका हाच असतो. तो कामाला येतो, आणि कामाला येतो म्हणून त्याच्यातली उणीव भरून काढण्याची कोणाला घाई नसते.

भाडे नियंत्रणाबद्दल लिहिताना मला समितीच्या सदस्यासारखे लिहिता येणार नाही, कारण माझे बालपण त्या कायद्याच्या छपराखाली गेले आहे. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आम्हा पाच जणांना दोन खोल्या होत्या, भाडे महिना अठरा रुपये, आणि ते मी चौथीत होतो तेव्हाही अठरा होते व नोकरीला लागलो तेव्हाही अठराच होते. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. युद्धानंतरची टंचाई आणि शहरांकडे लोटलेली माणसे पाहता त्या वेळी तो नसता तर मालकांनी भाडेकरूंना रस्त्यावर काढले असते, यात शंका नाही. त्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ ठरवले. कायदा तात्पुरता होता. टंचाई संपेपर्यंत, असे त्यामागे गृहीत होते. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, नदीकाठच्या पेठांतली हजारो घरे वाहून गेली, आणि टंचाई संपण्याऐवजी पुण्यात ती नव्याने सुरू झाली. मुदत वाढत गेली. तात्पुरत्या गोष्टींना आपल्याकडे जे दीर्घायुष्य लाभते, ते कायमच्या गोष्टींना क्वचितच लाभते.

वाड्याच्या मालकीण एक एकट्या वयस्क बाई होत्या. आम्ही मुले त्यांना आजी म्हणत असू. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या राहत, आणि त्यांच्या खोल्या आमच्या खोल्यांपेक्षा जास्त गळत. महिन्याच्या पाच तारखेला वडील मला अठरा रुपये देऊन वर पाठवत. आजी जपमाळ खाली न ठेवता म्हणत, “भाडं आणलंस? ठेव त्या डब्याखाली.” पितळी डबा उचलला की खाली इतर बिऱ्हाडांच्या नोटा असत, कुठे बावीस, कुठे चौदा. सात बिऱ्हाडांचे मिळून जे पैसे होत, त्यांत पावसाळ्यापूर्वी कौले फेरायला येणाऱ्या माणसाची दोन दिवसांची मजुरीही धड निघत नसे. एका आषाढात त्यांच्या खोलीत पाच भांडी मांडलेली होती आणि प्रत्येक भांड्यात थेंब वेगळ्या सुरात पडत होता. मी खाली येऊन ते वडिलांना गमतीने सांगितले, तेव्हा ते एकदम गंभीर झाले. त्या रात्री ते आईला म्हणाले, “आपण चोरी करत नाही. कायदा आपल्याला देतो तेच घेतो.” आईने काहीच उत्तर दिले नाही. पुढच्या महिन्यापासून वडील अठराऐवजी पंचवीस पाठवू लागले, आणि आजी सात रुपये मोजून परत करत, कारण जास्त भाडे घेतल्याचा दाखला कोणी कोर्टात नेला तर काय, ही भीती त्यांना कोणीतरी घालून ठेवली होती. शेवटी वडिलांनी कौलेवाल्याला परस्पर पैसे द्यायला सुरुवात केली. कायद्याच्या पोटात शिरून माणुसकीने वागण्यासाठी त्या दोघांना अशी चोरवाट काढावी लागली.

हा कायदा कोणत्या रकान्यात टाकायचा? पेठांमध्ये हा प्रश्न आजही विचारून बघावा. उत्तर देणारा मालकाचा नातू आहे की भाडेकरूचा, एवढेच त्यातून कळेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये जे म्हटले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत नेमके वाटते. भाडे गोठवणाऱ्या तरतुदी करताना त्या वाजवी होत्या, परंतु काळ पुढे गेला आणि त्या तिथेच राहिल्या म्हणून त्या अवाजवी झाल्या, असा त्याचा आशय होता. न्यायालयाने त्या तरतुदी तडकाफडकी रद्दबातल केल्या नाहीत; कायद्याची मुदत लवकरच संपत होती आणि नवा कायदा करण्याची संधी राज्याला द्यायची होती. त्यातून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दरवर्षी चार टक्के वाढ घेण्याचा अधिकार मालकांना मिळाला. अठरा रुपयांचे चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. या आकड्यावर मालक हसले तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही त्या कायद्यातली एक गोष्ट मला आमच्या तक्त्यापेक्षा शहाणी वाटते. बँका, सार्वजनिक उपक्रम, एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण त्याने काढून घेतले आणि राहत्या बिऱ्हाडांचे ठेवले. म्हणजे कायदा ठेवावा की काढावा, असा एकच प्रश्न न विचारता, तो आज कोणाच्या डोक्यावर छत्री धरतो आहे आणि त्यांतल्या कोणाला पावसाचे भय उरलेले नाही, असे तो कायदा करणाऱ्यांनी विचारले. आमच्या तक्त्यात ‘या परिपत्रकाचा आधार कोणाला’ असा रकानाच नव्हता. तो आखायला फूटपट्टी आणि एक रेघ पुरली असती, पण मला सुचले नाही.

निरसन हा शब्द मराठीत आपण शंकेसाठी वापरतो. शंकेचे निरसन झाले की शंका उरत नाही, पण कायद्याचे निरसन झाले तरी कायदा बराच काळ उरतो, कारण प्रत्येक निरसनाला व्यावृत्तीची शेपटी असते. कायद्याच्या शेवटच्या कलमाचे शीर्षक बहुधा ‘निरसन व व्यावृत्ती’ असेच असते : जुना कायदा रद्द, परंतु त्याखाली आधी झालेल्या गोष्टी, मिळालेले हक्क, लागलेल्या जबाबदाऱ्या शाबूत. १८९७ च्याच, म्हणजे प्लेगच्या कायद्याच्याच वर्षी झालेल्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात हे तत्त्व सर्व केंद्रीय कायद्यांसाठी एकदाच लिहून ठेवलेले आहे, आणि तिथे आणखी एक गोष्ट आहे : निरसन करणारा कायदा पुढे स्वतः रद्द झाला, तरी आधी मेलेला कायदा तसे स्पष्ट म्हटल्याशिवाय जिवंत होत नाही.

या शेपटीचा अनुभव पुणेकरांनी नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात घेतला. १९७६ च्या त्या कायद्याने पुण्यात मोकळ्या जमिनीची मर्यादा एक हजार चौरस मीटर ठेवली होती. गरिबांच्या घरांसाठी जमीन मिळावी हा हेतू होता, आणि प्रत्यक्षात जमीन अडकून पडली व सूट मिळवून देणाऱ्यांचा धंदा वाढला. संसदेने तो १९९९ मध्ये रद्द केला. परंतु जमीन हा राज्यांचा विषय असल्याने आणि मूळ कायदाच राज्यांच्या ठरावांवरून झालेला असल्याने, निरसनही राज्याराज्याने स्वीकारावे लागले, आणि महाराष्ट्राने ते नोव्हेंबर २००७ मध्ये स्वीकारले. त्यानंतरही कलम २० खाली दिलेल्या सवलतींच्या अटी व्यावृत्तीच्या आधाराने उभ्याच राहिल्या आणि मेलेल्या कायद्याच्या कार्यालयातून ना-हरकत आणण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे जिने चढत राहिली. माझा एक मित्र म्हणत असे की, या खात्याचे तेरावे झाले, पण ते जेवायला अजून येतेच.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मात्र पुरत्या मेलेल्या किंवा पुरत्या जिवंत नियमांची नाही. अर्धवट जिवंत नियमांची येते. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी प्रत्येक माणसाला परवाना लागतो, हे १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे म्हणणे आजही कायम आहे. परवान्याच्या छापील नमुन्यात प्रकृतीचे रक्षण हे कारण असते. पुण्यातल्या कोणत्याही शनिवारी रात्री किती खिशांत हा कागद असतो याचा अंदाज वाचकाने स्वतः करावा. हजार माणसे नियम मोडतात आणि नियम गप्प बसतो. मग एके दिवशी एखाद्यावर कारवाई करायची ठरते आणि नियम तोंड उघडतो. ज्याच्यावर तो उघडतो त्याला शिक्षा पिण्याची होत नाही, नजरेत आल्याची होते. नाटकांचेही थोडे असेच आहे. ब्रिटिशांनी १८७६ मध्ये केलेला नाट्यप्रयोगांवरच्या नियंत्रणाचा कायदा २०१८ च्या आरंभी केंद्राच्या पुस्तकातून गेला, तेव्हा टाळ्या पडल्या. परंतु प्रयोगापूर्वी नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का राज्याच्या पोलीस कायद्याखालच्या नियमांमधून येतो, आणि तो आपल्या जागी राहिला. महाविद्यालयात असताना मी लिहिलेली एक सुमार एकांकिका त्या शिक्क्यासाठी पाठवली होती. तिच्यातला ‘साला’ हा शब्द तेवढा खोडून ती परत आली, आणि माझ्या मते ती त्यामुळे आणखी सुमार झाली.

न वापरलेला नियम आपोआप मरतो का, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले ते पुण्याच्याच एका भांडणात, ही गोष्ट मला मॅडमकडून कळली. पुणे महापालिका आणि इथला एक मोठा कारखाना यांच्यातला जकातीचा तो वाद १९९५ मध्ये निकाली निघाला. ब्रिटिश अमदानीतल्या जुन्या अधिसूचना त्यात पुढे आल्या होत्या, आणि दीर्घकाळ न वापरलेला व ज्याच्या उलट रीत पक्की रुळलेली आहे असा नियम रद्द झाल्यासारखाच मानता येईल, हे तत्त्व आपल्या देशातही लागू करायला हरकत नाही, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. नुसते न वापरणे पुरत नाही. उलट रीतही असावी लागते. हा निकाल वाचल्यावर मला वाटले की आपले काम सोपे झाले, पण मॅडम म्हणाल्या, “सर, ते कोर्टात गेलेल्या माणसासाठी आहे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कारकून जुना कागदच दाखवणार.” हे मी नाकारू शकलो नाही, ती खिडकी मी स्वतः सहा वर्षे सांभाळली होती. जकात पुढे स्थानिक संस्था कराने घालवली, तो कर वस्तू आणि सेवा कराने. शहराच्या वेशीवर बसचे काही थांबे मात्र अजून ‘जकात नाका’ याच नावाचे आहेत आणि वाहक तिथे घंटी मारतो.

आमच्या समितीचा अहवाल वेळेत गेला. साडेचारशेच्या आसपास परिपत्रकांपैकी निम्म्याहून बरीच जास्त रद्द झाली, साहेबांना वरून शाबासकीचे पत्र आले, आणि त्याची एक प्रत माझ्याही सेवापुस्तकात लागली. त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरच्या सकाळी अभिलेख कक्ष उघडला तेव्हा आत वास वेगळा होता. गच्चीवरची पन्हाळी तुंबून पाणी भिंतीत मुरले होते आणि मागच्या बाजूच्या दोन फडताळांमधून झिरपत खाली आले होते. वरच्या रुमालांचे कापड ओले, आणि आतल्या कागदांची वडी झालेली. निळ्या-काळ्या शाईची अक्षरे शेजारच्या पानावर उलटी उमटली होती. ओलीची रेघ पाहता पाणी चार दिवसांचे नव्हते, निदान दोन-तीन आठवड्यांचे होते. कक्ष रोज उघडत होता. पुढच्या टेबलापर्यंत माणसे येत-जात होती. मागच्या फडताळापर्यंत कोणी गेले नव्हते.

मी मामांना विचारले की, तुम्ही पूर्वी संध्याकाळी आत एक फेरी मारत होता, ती कधीपासून बंद केली? ते म्हणाले, “साहेब, ते परिपत्रक रद्द झालं ना. वही जमा करा म्हणून आपणच सांगितलंत. आता सही कुठं करायची?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला खाली बघावे लागले. इमारतीत वीज येऊन पिढ्या लोटल्या होत्या, कंदील नेणारे कोणी उरले नव्हते, आणि तरीही दप्तरी मागून दप्तरी रोज संध्याकाळी त्या फडताळांमधून दिवा शोधत फिरत आले होते. दिवा कधीच सापडला नाही. फुटलेली काच, उंदराचे बीळ, वाळवीची माती, भिंतीवरची ओल हे सगळे मात्र वेळच्या वेळी सापडत आले असणार, आणि ते नियमात कोठेही लिहिलेले नसल्यामुळे आम्हा तिघांना वाचून कळणे शक्य नव्हते. दारात उभ्या असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारला असता तर कळले असते.

साहेब बदलून गेले होते. मी नव्या साहेबांकडे टिपणी ठेवली. आधीचे परिपत्रक पुन्हा जिवंत करता येत नव्हते, म्हणून नवे लिहिले. त्यातून कंदील आणि रॉकेल काढले, फेरी आणि सही ठेवली, आणि ‘उद्देश’ असे उपशीर्षक घालून, ही फेरी कशासाठी आहे व ती बंद पडल्यावर काय घडले, हे चार ओळींत लिहिले. साहेबांनी त्या चार ओळींखाली पेन्सिलीने ‘आवश्यक आहे का?’ असे विचारले होते. मी ‘होय’ एवढेच लिहून नस्ती परत पाठवली, आणि ती मंजूर झाली.

भांडारातून मी कोरी करकरीत नोंदवही काढून मामांना दिली. त्यांनी ती घेतली, बाजूला ठेवली, आणि आपल्या लोखंडी कपाटातून जुनी वही बाहेर काढली. जमा केलेली वही अभिलेखातच येते, आणि अभिलेख त्यांच्याच ताब्यात होता. शेवटच्या सहीखाली त्यांनी फूटपट्टी लावून लाल शाईने एक आडवी रेघ मारली, तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि टॉर्च घेऊन ते आत गेले.